शनिवारच्या एका गोळीबाबत

प्रति,
माननीय विशेष परवानगी अधिकारी,
औषध नियमन कार्यालय, विभागीय शाखा

विषय: न्यायालयाच्या आदेशाने श्री. वेन्डल ट्रेगो यांना मिळणारी टेरोलिन गोळी एका आड एक शनिवारी मला घेऊ देण्याबाबत.

संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यावरील आपले नकाराचे पत्र.

महोदया,

१. मी पाइक हार्बर येथील शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. दर शनिवारी सकाळी गावच्या वाचनालयात मी मुलांना माशा बांधायला शिकवतो. ट्राउट मासे पकडण्यासाठी गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या या खोट्या माशा असतात. आपल्याकडे शहरात हे कोणी करत नसेल, म्हणून सांगितले. आमच्या गावाची रीत अशी की मुलाने बांधलेली पहिली माशी पाण्यात जात नाही. ती शिकवणाऱ्याच्या टोपीला टोचायची असते.

२. मला हात थरथरण्याचा आजार आहे. एक टेरोलिन घेतली की चार-पाच तास हात स्थिर राहत असे. त्या गोळीने हृदयाचे ठोके बिघडतात अशी शंका आल्यावर आपल्या कार्यालयाने ती बंद केली. शंका घेणे हे आपले कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे सात रुग्ण न्यायालयात गेले आणि अंतिम निकाल लागेपर्यंत त्या सातांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी द्यावी, असा आदेश झाला. त्या सातांपैकी एक श्री. ट्रेगो. वाचनालयात माशा शिकवण्याचे दुसरे टेबल त्यांचे. आमचा आजार एक, डॉक्टर एक, गोळीही एकच होती.

३. आठवा मी का नाही, हे आपण पत्रात विचारले नव्हते, तरी सांगतो. वकिलाकडे सह्या करायचा दिवस शनिवार होता. दोघेही गेलो असतो तर मुले दारावरून परत गेली असती. म्हणून मीच वेन्डलला म्हणालो, "तू जाऊन ये, तुझं टेबल मी सांभाळतो. तू जिंकलास की मी जिंकलोच." कायदा सर्वांना सारखा, असे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो होतो. न्यायालयाचा आदेश मात्र ज्यांनी मागितला त्यांच्यापुरताच असू शकतो, हे मला आपल्या पत्रातून कळले. गोळी घातक असेल तर ती वेन्डललाही घातक आहे. नसेल तर मलाही नाही. त्याच्या हृदयात आणि माझ्या हृदयात फरक इतकाच की त्याचे नाव खटल्यात आहे.

४. आता माझ्या टेबलावर काय चालते ते ऐकावे. मार्नी नावाची नऊ वर्षांची मुलगी पहिल्या दिवसापासून माझी विद्यार्थिनी. पिसे कशी निवडावीत, दोरा किती ताणावा, सारे तिला मी शिकवले. मागच्या महिन्यात शेवटची गाठ दाखवताना माझा दोरा तीनदा तुटला. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही नुसतं तोंडानं सांगा. हातानं कसं करायचं ते मी ट्रेगो सरांचं बघून येते." मुलीची काहीच चूक नाही. मीच तिला सांगितले होते की नीट बघितल्याशिवाय शिकू नये. तिची पहिली माशी, तपकिरी पिसांची, आज वेन्डलच्या टोपीवर आहे. चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो आणि टोपी मांडीवर ठेवतो.

५. हा अर्ज मत्सरातून आला आहे, असे आपल्याला वाटेल. ते खरे आहे. पण मत्सर खरा आहे म्हणून मागणी खोटी ठरत नाही. वेन्डलचीही गोळी बंद करावी, असा एक मसुदा मी लिहिला होता. तो मी शेगडीत घातला. घालण्यापूर्वी तो दोनदा वाचला, हेही सांगितले पाहिजे.

६. गेल्या आठवड्यात वेन्डल घरी आला. त्याचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे, माझे फिनलंडचे. पेस्टीत, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंजीत, आम्ही फिन लोक गाजर घालतो, ते घालावे की नाही यावर आमचे कधी जमले नाही. आल्या आल्या म्हणाला, "तुम्ही लोकांनी पेस्टीत गाजर घातलंत ना, ते पाप हातात उतरलंय." मग खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "एक शनिवार तुझा, एक माझा. तुझ्या शनिवारी मी नुसता गप्पा मारत बसेन. पोरांना माझाही हात दिसू दे की." मी सांगितले की दुसऱ्याच्या नावाचे औषध घेणे गुन्हा आहे. मुलांना बेकायदा हाताने शिकवणार नाही. त्यावर बाटली उचलत तो म्हणाला, "एल्मर, कायदा मध्ये आणू नकोस. माझ्या हातून घ्यायचं तुझ्या जिवावर येतंय."

७. तरी विनंती की, (अ) मला त्या सातांप्रमाणे गोळी मिळावी. (आ) ते आपल्या अधिकारात नसेल, तर वेन्डलची एका आड एक शनिवारची गोळी घेण्याची लेखी परवानगी द्यावी. डॉक्टरांनी माझे हृदय तपासले आहे. ट्राउटचा हंगाम एप्रिलअखेर सुरू होतो, तत्पूर्वी निर्णय व्हावा. (इ) तेही शक्य नसेल, तर नकार कायद्याने दिला आहे, मी नव्हे, असे एक पत्र आपण थेट श्री. ट्रेगो यांना पाठवावे. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही.

मात्र (आ) मंजूर झाले, तर वेन्डलला नाही म्हणायला माझ्यापाशी काहीच कारण उरणार नाही. हे ध्यानात घेऊनच मी ते मागितले आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
एल्मर हिल्टुनेन
पाइक हार्बर, मिशिगन
११ मार्च २०१९

(सही मीच केली आहे. वाचता येणार नाही, म्हणून खाली नाव टाइप करून घेतले.)

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र.
२. श्री. ट्रेगो यांचे संमतिपत्र. हे त्यांच्याकडून मागून आणायला मला स्वतः त्यांच्या घरी जावे लागले.
३. मी बांधलेल्या दोन माशा, एक गोळी चालू असतानाची, एक आताची. कोणती कोणती हे लिहिलेले नाही, पाहताच कळेल. गळांची टोके काढली आहेत, हाताला लागणार नाहीत.