न खाणाऱ्यांची यादी

२ फेब्रुवारी १९३९

अठ्ठेचाळीस घरं झाली. बोदलकशा तलावाच्या काठचं आमचं गाव संपलं! नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेले रकाने भरले — बाई तंबाखू खाते का, कोणत्या गालात धरते, गालात पांढरा चट्टा आहे का. अशा चट्ट्याचा पुढे कर्करोग होतो का, हे त्यांना शोधायचं आहे.

बाबूजी गावचे पाटील. दर घरी सोबत येतात, खाटेवर बसतात. "आमची पोरगी तुलसा बी.एस्सी. झाली. खरं खरं सांगा!" मी हातातल्या आरशानं गालात ऊन पाडते आणि बघते.

पहिलं नाव मायचं. बाबूजी हसत म्हणाले होते, "काऊन वो, खातेस का?" माय म्हणाली, "मी कायले खाऊ?" लिहिलं — नाही. तोंड पाहायचं राहिलं. घरचंच माणूस, कधीही पाहीन.

६ फेब्रुवारी

जुळत नाही. जुळतच नाही!

खाणाऱ्यांचा चट्टा जिथे गोळी धरतात तिथेच. पण न खाणाऱ्या नऊजणींनाही चट्टा आहे. तो कुठून आला?

कॉलेजात शिकलो होतो — सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळलं, मग तिथेच गाठ उठली. एकाच जागी रोजची खाज, रोजची जळजळ. तंबाखू-चुन्याचंही तसंच असेल असं वाटलं होतं. मग या नऊजणी?

९ फेब्रुवारी

डॉक्टरांना पत्र लिहिलं. 'तंबाखूचा संबंध दिसत नाही.' उद्या टपालात टाकीन.

१० फेब्रुवारी

टाकलं नाही! बरं झालं!

सकाळी घाटावर गेले. देवकाबाई धुणं आपटत होती. त्या नऊजणींतली एक. थांबली, कमरेची चंची सोडली, तंबाखूवर चुना चोळला आणि गोळी डाव्या गालात सारली. मी बघतच राहिले.

"काकी! तुम्ही तर नाही म्हणाल्या होत्या!"

"मंग काय सांगू वो? पाटील समोर बसून, माझा सासरा दारात. त्यायच्या पुढं सांगू का, मी तमाखू खातो म्हणून?"

बाजूच्या बायका खदाखदा हसल्या. फुलवंता म्हणाली, "बी.एस्सी. झाली, पण पोरीले एवढंबी समजत नाही!"

खरंच समजलं नाही. सशाला सासरा नसतो.

१४ फेब्रुवारी

चार दिवस एकटीच फिरले. घाटावर, वावरात, मोहाच्या झाडाखाली. बाबूजींना म्हटलं, "तुम्ही येऊ नका." त्यांनी पायात घातलेल्या वहाणा काढून ठेवल्या. वाईट वाटलं असेल.

नऊच्या नऊ खातात. बाळंतपणापासून, कुणी भूक मारायला, कुणी दाढ दुखते म्हणून. गाल अन् चट्टा, सगळं जुळलं! पत्र फाडून चुलीत टाकलं.

आनंद व्हायला हवा. होत नाही. माय वाढून जेवायला बसली. भाकर उजव्या बाजूनंच चावते. कधीपासून?

१५ फेब्रुवारी

विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

आजही नाही. आरसा दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. गावभरच्या बायकांना आ करायला लावलं आणि आपल्या मायला म्हणवत नाही! माय म्हणाली, "काय पाहून राहिली माझ्याकडं?" मी म्हटलं, "काही नाही." मीही तेच. समोर विचारलं की नाही!

१७ फेब्रुवारी

दुपारी अंगणात बाबूजी सुतळी वळत होते. मी मायजवळ बसले. म्हटलं, "माय, आत चल. एकदा तोंड बघू दे."

माय उठली नाही. डोक्यावरचा पदर मागे सारला. बाबूजींकडे पाहून म्हणाली, "आत कायले? यायलेबी दिसू दे."

आणि तोंड उघडलं.

१८ फेब्रुवारी

पहिला क्रमांक. 'नाही' खोडलं. होय. गाल डावा. चट्टा आहे, मधोमध टणक गाठ.

यादी टपालानं पाठवत नाही. उद्या सकाळी तिरोड्याहून नागपूरची गाडी. बाबूजी तिघांची तिकिटं काढणार आहेत.