पार्सलच्या गाठीचा तारा

३० नोव्हेंबर
मुलीकडे जेवायला. नाताळच्या झाडासाठी विहीणबाईंनी लेसचा तारा केलाय. टॅटिंग म्हणतात. दोऱ्याच्या बारीक गाठी मारत जायचं, की लेस होते. सगळे कौतुक करून दमले. मी म्हणालो, गाठीच ना? आख्खी नोकरी पार्सल ऑफिसात गेली. माझी गाठ समुद्रापार गेली, वाटेत सुटली नाही. हा तर डाव्या हाताचा मळ.

मुलगी म्हणाली, बाबा, मग तुम्हीच एक करा, झाडावर मधोमध जागा ठेवते. थट्टेत म्हणाली नाही. मला तिचा आवाज कळतो.

ही घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

२ डिसेंबर
शटल आणलं. बोटभर लांबीची प्लास्टिकची होडी, पोटात दोरा गुंडाळायचा. दुकानातल्या बाई म्हणाल्या, नवीन माणसाने जाड दोरा घ्यावा. मी सगळ्यात बारीक घेतला.

संकल्प: रोज सकाळी चहाच्या आधी बसायचं.

३ डिसेंबर
चहा आधी घेतला. रिकाम्या पोटी हात थरथरतो, हे डॉक्टरही सांगतील.

५ डिसेंबर, सकाळी
व्हिडिओ पाहिला. डाव्या हाताला दोरा गुंडाळायचा, उजव्या हाताने शटल त्याच्या खालून-वरून न्यायचं. एक गाठ. अशा बऱ्याच मारून शेवटी दोरा ओढला, की गाठी सरकत जवळ येतात आणि गोल रिंग होते. रिंगेला रिंग जोडत तारा.

व्हिडिओतल्या मुलीच्या गाठी सरकतात. माझ्या सरकत नाहीत. क्वालिटीचा फरक आहे.

८ डिसेंबर
रिंग बंद होत नाही. पक्कड लावून ओढली. दोरा शाबूत, बोट कापलं. बँडेज.

ही म्हणते, विहीणबाईंना फोन करा. मी म्हणालो, त्यापेक्षा दुसरं बोट कापेन.

११ डिसेंबर
हिने परस्पर फोन केला. वर स्पीकरवर टाकला. मी पेपरमागे होतो, त्यामुळे ऐकलं असं म्हणता येणार नाही. विहीणबाई म्हणाल्या, गाठ आवळायचीच नाही. डावा हात सैल सोडायचा, म्हणजे गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटते आणि सरकती राहते. सगळी करामत डाव्या हाताची.

सैल म्हणे. आमच्या सेक्शनमध्ये असं बोलणाऱ्याला दारात उभं केलं नसतं.

१५ डिसेंबर
डिझाइन बदललं. रिंगा बंद होत नाहीत, पण गाठींची लांबच लांब पट्टी मात्र आपोआप होते. तेव्हा तारा रद्द, धूमकेतू करतो आहे. शेपूट जवळजवळ तयार आहे. डोकं सुचायचंय.

१९ डिसेंबर
डोकं रद्द. लेस कडक व्हावी म्हणून खळीत बुडवून, टाचण्यांनी उशीवर ताणून वाळवायची असते. तसं केलं. उशी हिची होती. धूमकेतू उशीला चिकटला. गरम पाण्यात भिजवून सोडवला, तर पुन्हा मऊ पडला.

धूमकेतू मऊच असतात बहुधा. चेक करणं.

२३ डिसेंबर
पॅकिंग केलं. खोका बघत राहावा असा झालाय. ही म्हणाली, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहा. मी म्हणालो, कलेला लेबल लागत नाही.

२४ डिसेंबर, घरी परतल्यावर
खोका मुलीच्या हातात दिला. माझ्यासमोर उघडू नकोस म्हणालो. विनय. आम्ही आत सूप पीत बसलो.

बाहेर आलो तर झाड गच्च सजलेलं. मधोमध जागा रिकामी. मुलगी रिकामा खोका घेऊन आली. म्हणाली, बाबा, तारा कुठाय? यात नुसती बांधायची दोरी होती.

मांजर झाडावर उड्या मारत होतं, झाड कलंडत होतं, म्हणून ती दोरी तिने जावयांना दिलेली. जावयांनी झाड खिडकीच्या गजाला बांधून टाकलं. मला म्हणाले, काय जबरदस्त दोरी आहे हो, कुठून आणलीत? मांजराने माझ्यादेखत झेप घेतली. झाड हललं नाही.

विहीणबाई चष्मा लावून झाडामागे गेल्या. वाकून पाहिलं. परत येऊन खुर्चीत बसल्या, काही बोलल्या नाहीत. बाई चांगल्या आहेत.

मी मुलीला सांगितलं, तारा घरीच राहिला. तिचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. ती जागा शेवटपर्यंत रिकामीच होती.

गाडीत ही म्हणाली, खरं सांगून टाकायचं होतं. मी म्हणालो, आख्खं झाड माझ्या कामावर उभं आहे, आणखी काय सांगायचं? ही हसली नाही. माझा बँडेजचा हात नुसता हातात धरून बसली.

६ जानेवारी
मुलीचा फोन. झाडावरचं सगळं उतरवलं, झाड उतरत नाही. बांधताना मारलेली गाठ दोरीतल्या गाठींत रुतून बसली आहे, सुटत नाही. जावयांनी काटा-चमचा लावून पाहिला, पक्कड लावली. झाडाची सुईसारखी वाळकी पानं सोफाभर पडली आहेत. कापूनच टाकतो म्हणत होते. तेव्हा विहीणबाईंनी ती दोरी कोणाच्या हातची ते सांगून टाकलं.

मुलीने घरातल्या सगळ्या कात्र्या लपवून ठेवल्या आहेत. बाबांची लेस कापायची नाही म्हणते.

मग म्हणाली, सगळ्यांना सांगितलंय, उद्या बाबा स्वतः येऊन सोडवतील. मी म्हणालो, अर्थात. डाव्या हाताचा मळ.

जेवण गेलं नाही. आख्ख्या नोकरीत मी गाठी फक्त मारल्या. सोडवायचं काम पलीकडच्या ऑफिसचं होतं.