पिवळी मेंढरं, पाच हजार माणसं

सोलापूर,
८ जानेवारी २०२५

तीर्थरूप मायाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू शाळंत जा, मी मेंढरांमागं जाते. पर शिकशील त्ये मला लिहून दाव. हे तू मला म्हणालीस तेव्हा मी पहिलीत होते आणि तू नुकतीच चौथी पास झाली होतीस. आबांचा कळप निघायचा होता. आपल्यापैकी एकीनं त्यांच्याबरोबर जायचं आणि एकीनं मंगळवेढ्याला आत्याकडे राहायचं असं ठरत होतं. त्या तुझ्या वाक्यामुळे मी आज हायस्कुलात मराठी शिकवते, आणि त्याच वाक्यामुळे घरात तीन मोबाइल असूनही तुला दर महिन्याला पत्र लिहिते. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, हेही तुझंच म्हणणं.

या खेपेला दाखवण्याजोगं शिकलेलं काही नाही. एक अडचण आहे. मी ब्लॉग लिहिते हे तुला माहीत आहे; म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली माझी वही, कुणीही उघडून वाचावी अशी. आपण रात्री मेंढरं कोंडतो त्या जाळीवरून तिचं नाव मी ‘वाघर’ ठेवलं. चार वर्षं झाली. आपला माळ, आबा, अंबाडीची भाजी, तू, असं बरंच काही लिहिलं. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ते वाचलं आणि लेखन फार हृद्य आहे असं कळवलं. पुस्तक जरूर काढू म्हणाले, फक्त पाडव्यापर्यंत माझे पाच हजार फॉलोअर व्हायला हवेत. फॉलोअर म्हणजे मी काही लिहिलं की ज्यांच्या मोबाइलवर ते आपोआप पोचतं अशी माणसं. सध्या माझ्याकडे एकसष्ट आहेत आणि त्यातले चौदा सासरचे. चव्वेचाळिसावं लागलं, अक्का. एकदा तरी स्वतःचं पुस्तक हातात धरावं असं फार वाटतं.

ह्यांनी ही गोष्ट मनावर घेतली आहे. विमा विकण्यात वीस वर्षं गेल्यामुळे, सरळ वाटेनं माणूस कधीच येत नाही, आडवाटेनंच गाठावा लागतो, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यात परवा हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर करून आले. तिथं कोटवाल्या एका मुलानं त्यांना सांगितलं की जिथं कुणी जाहिरात करत नाही तिथंच ती करायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून सुरुवात करणार आहेत. मला भीती वाटते.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो मोजायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

तुझी,
सोनाली


माळावरनं, ता. मंगळवेढा
२१ जानेवारी

चि. सोनीस मायाक्काचे लई आशीर्वाद.

पत्र पावलं. एकदा मी वाचलं, एकदा तुझ्या दाजींनी माझ्याकडनं वाचून घेतलं. पाच हजार माणसं मागं पायजेत म्हणतीस. माझ्या मागं पावणेदोनशे हायत. सकाळी वाघर सोडली की येत्यात, एकालाबी हळदीकुंकू लावावं लागत न्हाय. तरी मला कुणी पुस्तक काढ म्हणलं न्हाय. दाजी म्हणत्यात, प्रकाशकाला मेंढरं चालत आसतील तर आपली मोजून घे म्हणावं, कोकरासकट.

मला एक कळंना. वाचायचं आसंल तर माणूस वाचंल की. मागं यायची काय गरज? पुढचं मेंढरू खड्ड्यात उतरलं की मागची समदी उतरत्यात, खाली काय हाय ते न बगता. तसली पाच हजार घिऊन तू करणार काय?

हुरडा चालू हाय, दोघं या. पर पाव्हण्यांना म्हणावं, विम्याचे कागद घरी ठिवा. गेल्या साली आगटीजवळ बसून त्यांनी शेजारच्या महादेवप्पाला मरणाचं येवढं भ्या घातलं की त्यो हुरडा न खाताच घरला गेला आन चार दिस हातरुणातनं उटला न्हाय.

आन एक. माझी पत्रं तुझ्या त्या वहीत चिकटवायची न्हाईत. ही मी तुला लिवते, गावाला न्हाय.

माया धाडते, वजन करू नगं.

तुजी,
मायाक्का


सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. मायाक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि एवढ्यानं हसले की मुख्याध्यापिका डोकावून गेल्या. पत्र वहीत चिकटवणार नाही, शब्द देते.

हळदीकुंकू पार पडलं. ह्यांनी वाणाला एक्कावन्न स्टीलच्या वाट्या आणल्या आणि प्रत्येकीच्या तळाला ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की ‘वाघर’ उघडते. बायकांनी वाटी उलटी केली, किमतीची चिठ्ठी असेल असं समजून नखानं खरवडून काढली आणि कशी पडली म्हणून मलाच विचारलं. एकही चौकोन कुणाच्या घरापर्यंत पोचला नाही.

पुढचं लिहायला लाज वाटते. शेजारच्या कस्तुराबाईंचे मालक, अण्णा, वारले. त्यांच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. दीडशे माणसं उन्हात उभी, निम्म्यांचे हात खिशातल्या मोबाइलवर. हे त्या माणसांत फिरू लागले आणि हळू आवाजात सांगू लागले की अण्णांना हिचं लिखाण फार आवडायचं, न जाणो, तीच इच्छा राहिली असेल. अण्णांना मराठी वाचता येत नव्हतं गं, ते जन्मभर कानडी पेपर वाचत आले. पण ऊन वाढत होतं. लोकांनी एकेक करून मला फॉलो केलं. अडतिसाव्या माणसानं केलं आणि कावळा पिंडाला शिवला. हे आता ती घटना पुरावा म्हणून सांगतात. मी तिथं मान वर केली नाही. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, घरी येऊन चप्पल काढायच्या आधी आकडा पाहिला.

आता एक काम तुझ्याकडे आहे. तुझा कळप सोलापूरच्या रस्त्याकडेनं चरत जातो. ह्यांच्या मते तो एक चालता फळा आहे. टँकरवर नंबर रंगवणाऱ्याकडून त्यांनी तो चौकोन आणि खाली ‘वाघर’ हे नाव असा पत्र्याचा साचा कापून घेतला. तुझी मेंढरं काळी, म्हणून त्यावर उठून दिसेल असा पिवळा रंग घेतला आहे; लोकरीला अपाय नाही असं दुकानदार म्हणाला. ओळखीला तुम्ही लाल ठिपका लावताच, तसंच हे. सामान एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं आहे आणि दाजींना फोन केला आहे. ते लगेच हो म्हणाले. तुझं उत्तर यायला वेळ लागेल म्हणून आधी त्यांना विचारलं, रागावू नकोस.

आपला लोभ या सगळ्यातून सुखरूप बाहेर पडो.

तुझी,
सोनाली


माळावरनं
२७ फेब्रुवारी

सोने,

आशीर्वाद मागाहून लिवते, आधी आयक.

मी अकलूजला नणंदेच्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्ते. चार दिसांनी आले तर फाट्यावर आपला कळप, आन कळपाफुडं एक म्हातारी हात जोडून हुबी. मला वाटलं तुझे दाजी गेले का काय. बगते तर साठ मेंढरांच्या पाठीवर पिवळे चौकोन, आन दाजी मदी नवरदेवागत. शिकलेल्या मेव्हणीनं धाडलंय, म्हंजे कायतरी सरकारी आसंल, आसं त्यांनी समद्यांना सांगितल्यालं.

सोने, पिवळी पाट कुणाची आसती गं? देवाला सोडल्याल्या मेंढराची. बिरोबाचा भंडारा तितं लावत्यात. हे तू शाळंत जाऊन इसरलीस व्हय? आन पाव्हणं? त्यांच्या बापानं तर बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजवलाय.

समद्या गावात झालं की मायाक्कानं साठ मेंढरं देवाला सोडली. बाया नारळ घिऊन यायल्या. एक म्हणली, माझ्या नातवाला नोकरी लागू दे, आन नरापुढं दंडवत घातला; त्या नरानं तिचा पदर खाल्ला. ते बी परसाद म्हणून चाललं. रविवारी बाजारात आठ नर न्हेले, उन्हाळ्याच्या चाऱ्याची सोय व्हायला पायजे व्हती. एकबी व्यापारी हात लावंना. देवाचं जनावर इकायला आणलं म्हणून एकानं तर मलाच नावं ठिवली. आठीच्या आठी माघारी आणले. आता येळंआदी लोकर कातरून टाकली, उघडीबोडकी फिरत्यात. बगितलं की तुझी आठवण येती.

तुझा चौकोन एकाबी फोनाला वाचता आला न्हाय. मेंढरू काय हुबं ऱ्हातंय व्हय फोटूला? पर खाली नाव व्हतं. कालिजातल्या एका पोरीनं त्ये फोनात घातलं आन तुझी वही उघडली. म्हणली, मावशी, हे तुमच्यावरच लिवलंय की. मी म्हणलं वाच.

तू लिवलंय, माझी बहीण आनंदानं मेंढरांमागं गेली.

आनंदानं, हे तुला कुणी सांगितलं?

मी बोलले त्ये खरं हाय. तू शाळंत जा म्हणले, त्ये बी खरं. पर आदल्या दिशी काय झालं त्ये तुला ठावं न्हाय. तू झोपल्तीस. पाचवीची पुस्तकं गुरुजींनी मला फुकट दिल्ती. आबा आयला म्हणले, दोगींतली एक दे. आयनं माझं गठुडं बांधाय घेतलं. मी पुस्तकं माघारी द्याला गेले तर शाळंला कुलूप. मग फरशीवर ठिवली आन आले. भूगोलाचं वरचं व्हतं. त्यावर समुद्राचं चित्र व्हतं. मी आजून समुद्र बगितला न्हाय.

सकाळी तू उटून रडाय लागलीस, म्हणून मी त्ये बोलले. आनंद न्हवता. तू रडू नये म्हणून बोलले.

तुझं पुस्तक व्हावं. पर त्येवढा एक शबुद काढ.

आता आशीर्वाद. हाईत त्ये हाईतच.

मायाक्का


सोलापूर,
२० मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तीन वेळा लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. आता जसं झालं तसंच सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला दहावीच्या परीक्षेचं काम होतं. पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि तशीच गेले. परीक्षेच्या वर्गात मोबाइल चालत नाही, तो ऑफिसात जमा होता. दुपारी हातात आला तर झाडावरच्या सुतारपक्ष्यासारखा टकटक करत होता. ह्यांनी तुझ्या पत्राचा फोटो काढून ‘वाघर’वर टाकला होता. पदर खाल्ला ते वाचून त्यांना एवढं हसू आलं म्हणे, की शेवटपर्यंत वाचायचं राहूनच गेलं. सगळ्या आडवाटा संपल्यावर, ज्या वाटेवर तू स्पष्ट नाही म्हणाली होतीस, नेमक्या तिनंच माणसं आली. संध्याकाळपर्यंत पाच हजार. दुसऱ्या दिवशी नऊ.

मी ते त्याच संध्याकाळी काढायला हवं होतं. चार दिवस काढलं नाही. शब्द दिला होता, तरी नाही. रोज ठरवायची आणि रोज आकडा बघायची.

सुरुवातीला लोक हसत होते. पिवळ्या नरावर कुणी गाणं केलं. एका विमा कंपनीच्या माणसानं ह्यांना भाषणाला बोलावलं. मग तिसऱ्या दिवशी खाली एका बाईनं फक्त ‘सातवी’ असं लिहिलं. बाकी काही नाही. तिच्याखाली दुसरीनं ‘तिसरी’. मग ‘दहावी, बोर्डाचा फॉर्म भरला होता’. मग नुसत्याच इयत्ता, खाली खाली, बोट दुखेपर्यंत. कुणाला कुणी काही विचारलं नव्हतं. मी वाचत बसले आणि मला कळलं की मी जवळजवळ चाळीस वर्षं तुझं ते वाक्य पुन्हा पुन्हा सांगत आले, आणि तुला कितवीतून काढलं हे मात्र नेहमी पास झाल्याच्या सुरात सांगत आले. तुझ्यासाठी ती चौथी पास नव्हती, पाचवीत न जाणं होतं.

चौथ्या दिवशी पत्र काढलं. दोन दिवसांनी हे, दाजींनी एस.टी.नं परत धाडलेला साच्याचा पत्रा स्वतःच्या हातानं चेपून भंगारात देऊन आले आणि तुझ्या मेंढरांच्या चाऱ्यासाठी कुणाला तरी फोन करत होते. ‘आनंदानं’ हा शब्दही लेखातून काढला. वाक्य आता थोडं लंगडतं. तसंच राहू दे.

माणसं परत जायला लागली आहेत. प्रकाशकांचा फोन आला. माझं लेखन हृद्य आहेच, असं पुन्हा म्हणाले. पण आता त्यांना तुझी पत्रं हवीत, माझं नाव संपादक म्हणून घालू म्हणाले. मी सांगितलं की ती पत्रं माझी नाहीत. मग तुमचं असं काय आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी फोन ठेवला. पाडवा दहा दिवसांवर आला, पुस्तक काही येत नाही. वाईट वाटलं, अक्का. वाटलं नाही असं लिहिलं तर तू पुन्हा एक शब्द काढायला लावशील.

आता माझं मागणं. मे महिन्यात मला सुट्टी आहे. मी माळावर येते. पहिले दोन दिवस दाजींनी पुढं चालावं, म्हणजे मेंढरांना माझी ओळख होईल. पाय फुटतील, कळप एखाद्याच्या शेतात घुसेल, शिव्या बसतील, ते सगळं मी बघीन. तू घरात बस. शाळेतल्या कोऱ्या वह्या आणि पाचवीचा भूगोल आणते. वाचून काय वाटलं ते लिही, समुद्राचं लिही, नाही तर नुसती मला नावं ठेव. ते कुठं छापायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. फक्त मला.

तू काय म्हणशील ते मी इथंच ऐकते आहे: सोने, मेंढरं तुझ्या मागं यायची न्हाईत. आन ह्या वयात मला कशाला गं भूगोल. तू नाहीच म्हणणार. तरी यंदा विचारायची पाळी माझी आहे:

अक्का, पंधरा दिवस तू पाचवीत जा. मेंढरांमागं मी जाते.

तुझी,
सोनी