लेबनॉनला निघताना दही

डार्मश्टाट, रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसभर धुकं. ऋचा आणि जावई काल व्हेरोनाहून आले होते, आज पाचच्या गाडीनं परत गेले. मात्तेओ इटलीच्या सैन्यात आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा लेबनॉन. रोमच्या संसदेनं मोहिमेची मुदत वाढवली म्हणे. दरवर्षीच वाढवतात.

जेवताना मी विचारलं, "तुमच्या सैन्याचं तिथे काय काम?"

"ते संसदेला विचारा, बाबा. मी फक्त सुरुंग काढतो," तो हसून म्हणाला. ऋचा हसली नाही.

निघताना त्यानं दारात तळहात पुढे केला. मागच्या खेपेला हिनं त्यावर दही घातलं होतं. आता ही नाही. हिचं विरजणही मला टिकवता आलं नाही. साखर तरी द्यावी म्हणून आत वळलो. तर त्यानं बॅगेतून जॅमची बाटली काढली, आत दही. मागे हिनंच दिलेलं विरजण, तो तिकडे अजून त्यानंच दही लावतो! हिचं दही, आल्प्स ओलांडून आलेलं.

चमच्यानं त्याच्या हातावर घातलं.  

"उरलेलं तुम्हाला," तो म्हणाला. "परत येईन तेव्हा मला इथलं हवं."

स्टेशनवरून गाडी धुक्यात विरघळल्यासारखी गेली. घरी आलो तर वाटलं, ही आत दूध तापवतेय.

दूध मीच कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं. बाटलीतलं चमचाभर घातलं. पातेलं ओव्हनमध्ये ठेवलं आणि ऊब राहावी म्हणून आतला दिवा लावून ठेवला.