वज्रपंखानं शब्द पाळला, दादा

प्रिय दादा,

काल दुपारी तुझा वज्रपंख खेळून संपवला. तुझं चुकलं! साफ चुकलं! हे तुला तोंडावर सांगायची केवढी हौस होती मला. गेमच्या बाबतीत पहिल्यांदाच तुझा अंदाज चुकला आणि ते ऐकायला तू नाहीस. म्हणून हे पत्र. आणखी एक कारण आहे, पण ते रागाचं आहे. तेही सांगतेच.

"भंगार आसणार, बारके. लिवून ठेव," फौजेतून शेवटच्या सुट्टीवर आलास तेव्हा ट्रेलर बघताना तू म्हणाला होतास. "ट्रेलरमधी समदेच उडत्यात. हातात घेटलं की कळतंय."

तुझा तरी काय दोष? सांगलीच्या स्टँडवरून कॉमिक्स आणायचास तेव्हापासून तू त्या वज्रपंखाचा भक्त, आणि त्याच्यावर निघालेले आधीचे दोन्ही गेम म्हणजे नुसती थट्टा. पहिल्यात तो उडता उडता भिंतीत अडकायचा आणि तिथंच पाय हलवत राहायचा. दुसऱ्यात त्याचे पंख त्याच्याच पोटातून आरपार जायचे. "मी तिकडं बर्फात उभा, आन् माझा हिरो भिंतीत!" म्हणून तू लोळून हसायचास. तरी तिसरा गेम शिव्या घालत घालत आधीच नोंदवून ठेवलास. कशाला रे? आशा सुटत नव्हती, हेच ना?

तू गेल्यावर कितीतरी दिवस तुझ्या लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. मग एकदा मी उघडला, तर गेम आपोआप येऊन बसलेला. पडद्यावर तुझं नाव लिहून तुझं स्वागत करत होता. मी लॅपटॉप तसाच मिटला आणि भांडी घासायला गेले.

पलूसच्या रस्त्यावर ऊस भरलेली ट्रॉली ज्यानं अंधार पडायच्या वेळी बिनदिव्याची उभी केली आणि ज्याच्या ट्रॉलीवर तुझी मोटरसायकल गेली, तो मात्र तुझ्या दहाव्याला आला होता. धुतलेली टोपी घालून! फ्लेक्सवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे एवढाले फोटो, आणि त्यांच्यात कोपऱ्यात तू. ओळखीच्या माणसालाही तुला शोधावं लागत होतं.

असो. गेमचं सांगते.

दादा, काय उडतो तो! वारा समोरून आला की खाली दबतो. पावसात भिजला की पंख जड होतात आणि कुठल्यातरी पाण्याच्या टाकीवर बसून ते वाळवावे लागतात. तुझ्यासारखी मीही तोंड वाकडं करूनच बसले होते. पहिली भिंत दिसली तशी मुद्दाम त्याला तिच्यावर घातला. अडकला नाही! हातानं धरून वर चढला आणि पलीकडे उतरला. मी एकटीच ओरडले, "दादा, बघ!" आई परड्यातून धावत आली. मी पडद्याकडं बोट केलं, आणि ती माझ्या मागंच बसली.

पण खरी गंमत पुढे आहे. शहरात पूर येतो, आणि वज्रपंखाला एका वेळी एकच माणूस उचलता येतो. बाकीच्यांना तो सांगतो, मी परत येतो. आपल्याला वाटतं, हे आपलं बोलायचं म्हणून बोलतोय. पण नाही! गेम ते विसरत नाही. परत गेला नाहीस, तर पंखातलं एक पातं गळतं आणि पुढच्या वेळी तू तेवढा कमी उडतोस. गच्चीवर एक म्हातारी कोंबडी कवटाळून बसलेली असते. तिला सोडून मी खलनायकाच्या मागं गेले, तर आई मागून म्हणाली, "आगं, त्या म्हातारीचं काय?" आपली आई, दादा! गेमला 'टकटक' म्हणणारी! मी परत फिरले. म्हातारी तिथंच होती. कोंबडीही होती. आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यो लय चांगला हाय गं. त्याला आवाडला आस्ता."

आवडला असताच. तुला भंगार म्हणता आलं नसतं, आणि तू तीन दिवस तोंड लपवत फिरला असतास.

आता रागाचं.

तुझ्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. तुला माहीत असेलच, तूच ना तो? ऊन तापलेलं, माणसं खोळंबलेली, आणि तू बाभळीवर मान वाकडी करून बसलेला. पिंडाशेजारी तुझ्या आवडीचा वडा ठेवला, तरी नाही. मग एकेक जण हात जोडून तुझी इच्छा ओळखायला लागला. तात्या म्हणाले, "नवा ट्रॅक्टर तुझ्या नावानं घिऊ रं." मामा म्हणाले, "बांधाचं भांडान मिटवतो गड्या, शिव आता." तू ढिम्म.

शेवटी आप्पा पुढे झाले. आपले आप्पा, कुणापुढे न वाकणारे. हात जोडून म्हणाले, "बारकीला पुण्याला धाडतो. तू म्हणत हुतास त्ये गेम बनवायचं शिकू दे तिला. लगीन मागनं बघू." वाक्य पुरं व्हायच्या आत तू खाली उतरलास. सगळा घाट रडला. मीही रडले, आणि खरं सांगू, त्या रडण्यात आनंद होता. आपल्याला दुःखातसुद्धा आनंद होतो याची लाज वाटली.

आणि आता? रविवारी कोरेगावचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. बघायला कसले, बघून झालंय! दहाव्याला आले होते, तिथंच घाटावर त्यांनी मला पसंत केलं. मी तुझ्यासाठी रडत होते, आणि हे लोक माझी उंची बघत होते!

मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुमी दादाला शब्द दिलाय." तर पेपर खाली न ठेवता म्हणाले, "कावळा शिवंना म्हटल्यावर कायतरी बोलावंच लागतंय. समदीच बोलत्यात. त्ये काय खरं धरायचं आसतंय व्हय?"

आई चुलीपाशी होती. म्हातारीसाठी बोलली, माझ्यासाठी नाही बोलली. तिच्यावरही माझा राग आहे, सांगून ठेवते.

आणि तुझ्यावर? तुझ्यावर तर सगळ्यात जास्त! ट्रेलरवर तू जन्मात विश्वास ठेवला नाहीस. हातात घेतल्याशिवाय कळत नाही, हे तुझंच ना? मग आप्पांच्या एका वाक्यावर कसा उतरलास रे खाली? थोडं थांबायचंस. माझी ॲडमिशन होईपर्यंत बसायचंस त्या बाभळीवर. ज्याच्याकडून तुला काही आशा नव्हती त्या गेमनं शब्द पाळला, आणि ज्यांच्यावर भरवसा ठेवलास त्यांचं हे असं. आप्पांना पंख असते, तर आज ते सोप्यातून गोठ्यापर्यंतसुद्धा पोचले नसते.

एवढं बोलले, आता माझा शब्द घे. रविवारी मी पोहे घेऊन बाहेर जाईन. ताटल्या खाली ठेवीन आणि सगळ्यांच्या देखत विचारीन, "आप्पा, पिंडापुढं तुमी दादाला काय म्हणला हुता?" कोरेगावचे लोकही तेव्हा तिथंच होते, त्यांनीही कानांनी ऐकलंय. आप्पांना काय उत्तर द्यायचं ते देऊ देत, मी पुण्याला जाणार. मारलं तरी जाणार.

तूही एक कर. वर्षश्राद्धाला आप्पा पुन्हा हात जोडून उभे राहतील आणि पुन्हा काहीतरी गोड बोलतील. ऐकू नकोस. आधी मला शोध. मी पुण्याच्या गाडीतून उतरून घाटावर आलेली दिसले, तरच खाली ये. नाहीतर उभं राहू दे त्यांना उन्हात.

तुझी,
बारकी