सत्तावन्न इंचांची टपालपेटी

मार्च १२, मंगळवार
बर्फ काढणाऱ्या गाडीनं रस्त्याकडेची आमची टपालपेटी पुन्हा उडवली. अकरा वर्षांत सहाव्यांदा. पत्रा चरात सापडला, लाल झेंडी सापडली नाही. नवी पेटी माझ्या शेडमध्ये मीच बनवतोय. लोखंडी पाइप, खाली ट्रॅक्टरचं जुनं चाक, चाकात काँक्रीट. उंची सत्तावन्न इंच. गाडीनं फेकलेला बर्फ खालून जाईल, पेटी वर शाबूत. इतकी साधी गोष्ट अख्ख्या दक्षिण डाकोटात कोणाला सुचू नये? देवानं बुद्धी दिली, त्याचे आभार मानले.
आमची मुलगी ब्रिटा नौदलाच्या प्रशिक्षणाला गेली त्याला आठवडा झाला. पोरीला तिकडे फोन जवळ ठेवता येत नाही. फक्त पत्रं. पेटी मजबूत हवी ती म्हणूनच.

मार्च १९, मंगळवार
टपालवाली जोलीन कुचेरा पेटीत छापील नोटीस ठेवून गेली. पेटी रस्त्यापासून एक्केचाळीस ते पंचेचाळीस इंचांवर हवी, नाहीतर टपाल बंद. खाली पेननं लिहिलंय: लाइल, गाडीतून उतरून उड्या माराव्या लागतात रे, माझ्या गुडघ्यांचा विचार कर.
जोलीन रविवारी माझ्याच बायबलच्या वर्गात बसते. तिच्यावर राग नाही. पण माझ्या पाइपावरच्या माझ्या पेटीची उंची वॉशिंग्टननं ठरवायची? शर्टाच्या खिशात बायबलच्या नव्या कराराला चिकटून राज्यघटनेची पुस्तिका असते, ती काढली. दहावी दुरुस्ती: जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे आणि लोकांचे. बोटानं ओळ न् ओळ पाहिली. पेटीचा उल्लेख कुठेही नाही.
लढायचं. शांतपणे.

मार्च २६, मंगळवार
टपाल बंद. जोलीननं गाडी हळू करून काच खाली केली. म्हणाली, तुझं टपाल गावातल्या ऑफिसात ठेवलंय, येऊन घेऊन जा. मी म्हणालो, स्वतंत्र नागरिक टपालाच्या मागे फिरत नाही, टपाल नागरिकाकडे येतं. ती म्हणाली, बरं बाबा नागरिका, रविवारी कॉफी कोण आणतंय, तू की मी? मी म्हणालो, मी.
ठराव: निकाल लागेपर्यंत केंद्र सरकारच्या हातून आलेलं एकही पाकीट मी उघडणार नाही, त्यांच्या हाती एकही देणार नाही.
आमच्या काँग्रेसमधल्या प्रतिनिधींना चार पानी पत्र लिहिलं. धान्य कोठाराच्या ऑफिसातून फॅक्स केलं.

मार्च २८, गुरुवार
डार्ला दर गुरुवारी चर्चमध्ये गोधड्या शिवायला गावात जाते. आज येताना टपाल घेऊन आली. नवरा म्हणून मी तिला अडवू शकलो असतो, पण या घरात प्रत्येकाला स्वातंत्र्य आहे. तिनं ब्रिटाचं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी पाहिलं नाही. निळं पाकीट, कोपरा दुमडलेला.
डार्ला म्हणाली, लाइल, पोरीचं पत्र आहे, सरकारचं नाही. मी म्हणालो, तत्त्व पाकिटाच्या रंगावर ठरत नाही. तिनं पत्र उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवर जरा जोरात बंद झाला. रूळ घासतोय. तेल घालायला हवं.

एप्रिल २, मंगळवार
नाश्त्याला डार्लानं माझी जन्मतारीख आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर विचारला. कुठलातरी सरकारी फॉर्म. मी नकार दिला. चौथी दुरुस्ती: सरकारला नागरिकाची उगाच झडती घेता येत नाही. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, जन्मतारीख मला पाठ आहे, पण तुझं नाव तुझ्या मनाविरुद्ध लिहिणार नाही. कशासाठी हवंय, एवढं तरी विचार. मी म्हणालो, आज कारण विचारलं की उद्या माणूस सही करून मोकळा होतो. ती म्हणाली, बरं.
इतक्या लवकर तिला कधी पटत नाही. माझ्या बोलण्याला धार आली आहे.

एप्रिल ११, गुरुवार
प्रतिनिधींना चौथा फॅक्स. उत्तर नाही. घाबरलेत. ड्रॉवरमध्ये आता तीन निळी पाकिटं. मी मोजायला गेलो नव्हतो, चमचा शोधत होतो.
रोज प्रार्थनेत ब्रिटाचं नाव घेतो. त्याला तिकीट लागत नाही.

एप्रिल १६, मंगळवार
आज आमच्या टाउनशिपच्या गावसभेत बोलायला उभा राहिलो. सतरा माणसं होती, म्हणजे गर्दीच. केंद्राच्या मर्यादा समजावल्या. पुस्तिका उंच धरली. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, लाइल सुंडवोल्ड, पहिलं कलम, आठवा भाग, मोठ्यानं वाच.
अल्मा ब्रेकीबाई. वय चौऱ्याऐंशी. एका खोलीच्या शाळेत आठही इयत्ता त्यांनीच मला शिकवलं. मी वाचू लागलो. काँग्रेसला पुढील अधिकार असतील. कर्ज काढणं, नाणी पाडणं... बाई म्हणाल्या, पुटपुटू नकोस, पुढे. मी वाचलं: टपाल कार्यालयं आणि टपालरस्ते स्थापन करणं.
कोणी हसलं नाही. मग जोलीन हसली. मग सगळेच.
बाई म्हणाल्या, बस खाली. तू तेव्हाही धड्याचा शेवट आधी वाचायचास.

एप्रिल १७, बुधवार
शांतपणे विचार केला. तिथे टपाल कार्यालयं म्हटलंय, रस्ते म्हटलंय. इंच म्हटलेलं नाही. मुद्दा शाबूत आहे.
मात्र उद्या पवित्र गुरुवार. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, मी एका बहिणीच्या गुडघ्यांसाठी पाइप कापू शकतो. ही माघार नव्हे.

एप्रिल १८, गुरुवार
पाइप कापला. त्रेचाळीस इंच. जोलीननं हॉर्न वाजवला. दोनदा.
चर्चहून आल्यावर ड्रॉवर उघडला. चार पाकिटं. पहिल्यात लिहिलंय: आई, बाबा, सोबतचा फॉर्म लगेच भरून पाठवा. दीक्षान्त संचलनाला फाटकातून फक्त यादीतल्यांना सोडतात. चार नावं चालतात. बाबा, प्लीज, तू भांडू नकोस, फक्त ये.
डार्लाला विचारलं, यादीत कोण आहे? ती म्हणाली, मी आणि माझी बहीण. मी म्हणालो, आता घालता येईल का? ती म्हणाली, मुदत दहा तारखेला संपली. टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

मे १०, शुक्रवार, सकाळ
दहा तास गाडी चालवून काल इथे, ब्रिटाच्या प्रशिक्षण तळाशी आलो. डार्ला आणि मेहुणी आत गेल्या. मी फाटकाबाहेर, पिकअपमध्ये. मनात होतं, पहारेकऱ्याशी शांतपणे बोलून पाहावं. तो विशीचा असेल. मी खिशाकडे हात नेला, तसा म्हणाला, सर, हात दिसतील असे ठेवा. ठेवले.
संचलन फोनवर पाहिलं. सगळ्यांच्या टोप्या सारख्या. ब्रिटा कोणती ते कळेना, म्हणून प्रत्येक पोरीकडे बघून डोळे पुसले. मग फोनची बॅटरी संपली.

मे १०, संध्याकाळ
ती बाहेर आली. केस कापलेत. दंड माझ्यापेक्षा टणक. पॅनकेकच्या दुकानात तिनं नऊ पॅनकेक खाल्ले. मी पत्रं उशिरा वाचल्याची सारखी माफी मागत होतो. ती म्हणाली, न वाचल्याचं काही नाही बाबा, आईनं लिहिलं होतं मला पेटीचं, आमची अख्खी तुकडी हसली. मग काटा खाली ठेवला. म्हणाली, पण तू एकही लिहिलं नाहीस. टपाल वाटताना रोज नावं पुकारतात. मला वाटलं, मी केंद्र सरकारची नोकरी धरली म्हणून तू रागावलास. तुझ्या त्या पुस्तिकेतल्या घटनेचंच रक्षण करायची शपथ घेतली मी, निदान त्यासाठी तरी लिहिशील वाटलं होतं.
मी चार वेळा लिहिलं, असं सांगणार होतो. प्रतिनिधींना. सांगितलं नाही. सिरप पुढे सरकवलं.

मे १४, मंगळवार
ब्रिटाला पत्र लिहिलं. दोन पानं. घटनेबद्दल एक शब्द नाही. पेटीत ठेवून, पत्र न्यायचंय ही जोलीनला खूण म्हणून, झेंडी वर केली. जोलीननं ते परत ठेवलं, वर चिठ्ठी: लाइल, तिकीट.
डार्लाच्या पर्समधून घेतलं. देशाच्या ध्वजाचं निघालं. आमच्याकडे निषेध म्हणून लोक ते उलटं लावतात. हातात उलटंसुलटं फिरवून पाहिलं.
सुलट लावलं. किंचित तिरकं गेलं. तेवढं राहू दिलं.