प्लगच्या कागदावर न केलेली सही

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा गेमची यंत्रं आणि कंट्रोलर दुरुस्त करण्याचा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं सांगता येत नाही. ती मंगळवारी ऑपरेशनसाठी उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. कारण नव्हतं तर चार-चार कागदांवर माझ्या सह्या कशाला घेतल्या? मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. भीती वाटते आहे ती माझी मलाच वाटते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एखादं निघालंच तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिच्या बापाने हक्क सोडल्याचा कागद वकीलबाईंकडे आहे. मुलगी दोन वर्षांची असताना जो माणूस गेला त्याच्यावर जास्त शाई घालवत नाही. घराचा उंबरठा मी काढून टाकला आहे, तो कोणी शोभेसाठी परत बसवू नये, मुलीची चाकांची खुर्ची अडते. गॅसची डावीकडची शेगडी नीट बंद होत नाही. हे असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. मग कुठे लिहायचं, सांगा.

कलम २. बँकेतली ठेव मुलीलाच. त्यातून आधी तिची देखभाल करणाऱ्या बाईंचा पगार द्यावा. शेगडीचं त्यांनाही सांगावं.

कलम ३. सोल्डरिंगचं सामान, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि दिव्याचं भिंग शेजारच्या शिलाई मशीनवाल्याला. भिंगावर तो दहा वर्षं डोळा ठेवून आहे. घे बाबा एकदाचं.

कलम ४. हे कलम तीनदा खोडून लिहिलं आहे. अक्षर लागलं नाही तर मंगळवारच्या आत विचारावं.

मुलीची बोटं जन्मापासून मिटत नाहीत. मी तिला मोठ्या बटणांची एक पाटी करून दिली, त्यावर ती हनुवटीने आणि कोपराने गेम खेळते. रिकामटेकडी आहे म्हणून खेळते असं कोणी समजू नये. तिच्या संघात सोळा जण आहेत आणि ती कप्तान आहे. भांडते, रुसते, हुकूम सोडते, एकाचं तर लग्नही तिनेच जुळवलं. पण कंपन्या दर चार-पाच वर्षांनी नवं यंत्र काढतात आणि प्रत्येकीचा प्लग वेगळा. प्लग जुळला तर आतलं जुळत नाही. दर वेळी पाटी आणि यंत्राच्या मधला जोड मी नव्याने बनवते. मागच्या खेपेला सात महिने लागले. तोवर संघाने दुसरा कप्तान केला. "असू दे गं आई, खेळच तर आहे," म्हणाली, आणि तीन दिवस धड जेवली नाही. कप्तानपद परत मिळवायला तिला वर्ष लागलं.

पुढचं यंत्र चार महिन्यांत येतं आहे. ते म्हणे बाहेरचा कंट्रोलर ओळखणारच नाही. मी नसले तर कोण खटपट करणार? रोज पहाटे हाच विचार उठवतो.

म्हणून पाटीचे आणि जोडांचे सगळे नकाशे मी कोणा एकाला देत नाही. ज्याला हवे त्याने घ्यावेत, बनवावेत, विकावेत, माझ्यापेक्षा चांगलं करून मला खुशाल नावं ठेवावीत. अट एकच, पाटीचा प्लग बदलायचा नाही.

कलम ५. माझ्या धाकट्या भावाला मी काही देत नाही. याला राग समजू नये. कारण सांगते.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं मिळून कंट्रोलर बनवत होतो. आमचा धरून असे पाच छोटे कारखाने होते, पाचांचे पाच प्लग. गिऱ्हाईक वैतागून जायचं. धाकट्याने सहा महिने प्रत्येकाचे उंबरे झिजवले आणि सगळ्यांना राजी केलं: प्लग एक, बाकी ज्याने त्याने हवं ते करावं. कागद तयार झाला. सहीच्या दिवशी हा तापाने फणफणलेला, म्हणून मी एकटी गेले.

तिथे प्लग ठरला तो टोपीवाल्याचा. हा आमचा सगळ्यात जुना स्पर्धक, घरातसुद्धा टोपी न काढणारा. त्याचा प्लग सहा महिन्यांत ढिला पडायचा. माझा पडत नव्हता. हे मी आजही म्हणते आणि वर गेल्यावरही म्हणेन. माझं डोकं फिरलं. पण "मला पटत नाही" म्हणायचं धैर्य झालं नाही. मी म्हणाले, "माझी काही हरकत नाही हो, पण आमच्या धाकट्याचं मन बदललंय." सही न करताच उठले, करार तिथेच मोडला, आणि घरी येऊन तापलेल्या भावाला सांगितलं, "त्या चौघांनी माघार घेतली."

त्यानंतर धाकट्याला कोणी दारात उभं केलं नाही. शब्द फिरवणारा म्हणून नाव झालं. तो गाव सोडून गेला. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, "होऊ दे स्पर्धा, चांगलं असेल ते टिकेल." मोठ्या कंपन्या आल्या आणि आम्ही पाचही जण आपापला प्लग घेऊन बुडालो. स्पर्धा वाईट असं मी मरतानाही म्हणणार नाही. कंट्रोलरची दांडी झिजेनाशी झाली ती स्पर्धेमुळेच. चित्रात लढा, वेगात लढा. पण दाराच्या कडीवरून कसली लढाई? मी ती लढले, आणि आता माझीच लेक दाराबाहेर बसते.

धाकट्या, हे नवं यंत्र काढणाऱ्या कंपनीत, यंत्राला काय जोडता येईल हे ज्या खात्यात ठरतं, त्या खात्यात आज तू बसतोस. मागायला मला तोंड नाही. तरी मागते. बाहेरच्या कंट्रोलरला वाट ठेव रे. जमलं नाही तरी तू खोटा नव्हतास, हे लेखी असू दे.

मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मला तू साक्षीदार हवा होतास, म्हणून तुझी पाटी कोरी. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, पण तू वाचायचास. मी समोर बसते. ओरडायचं तर आजच ओरड.

लिहून ठेवणारीची सही: (सही)

साक्षीदार १, समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई: सही माझ्यासमोर झाली. मजकूर बाईंनी वाचू दिला नाही. (सही)

साक्षीदार २, लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ: सही माझ्यासमोर झाली. मजकूर दोनदा वाचला. ताई, तू तिथे काय म्हणालीस ते टोपीवाल्याने मला दुसऱ्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तू कधी बोलतेस याची वाट बघत होतो. बाहेरच्या कंट्रोलरचं ठरवायची आमच्या खात्याची बैठक सोमवारी आहे. भाचीला पाटीसकट घेऊन जातो. नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणू देत. (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार